खानावळीच्या बिलात बाजाराचा तोटा

व्यापाराच्या पानावर खानावळीच्या बिलाची गोष्ट कशासाठी, असे काही वाचक विचारतील. खानावळ हाही धंदाच आहे आणि आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबांची रोजी त्यावर चालते. शिवाय परगावाहून माल भरायला आलेला माणूस दुपारी कुठे जेवतो, किती पैशांत जेवतो आणि किती निर्धास्तपणे जेवतो, यावर त्या पेठेची पत बरीचशी अवलंबून असते. ज्या पेठेत जेवताना फसल्यासारखे वाटते, तिथल्या कापडाच्या भावावरही माणूस सहज विश्वास ठेवत नाही.

गेल्या हिवाळ्यात मुंबईला खरेदीसाठी जाणे झाले. सोबत सोलापूरचे एक चादरवाले चाचा होते. त्यांचे काम वसुलीचे, माझे खरेदीचे. अब्दुल रहमान स्ट्रीट आणि मुसाफिरखान्याच्या बाजूला सकाळ गेली. अडीच वाजता पोटात कावळे ओरडू लागले, तेव्हा चाचांच्या नेहमीच्या भटियारखान्याकडे वळलो. तो बंद होता, कारण इमारतच पुनर्विकासासाठी रिकामी केलेली. मग मोहम्मद अली रोडच्या मागे, एका गल्लीत, नव्यानेच उघडलेल्या एका छोट्या खानावळीत शिरलो. नाव देत नाही. एका दुकानाची बदनामी करण्यासाठी हा लेख नाही, आणि तसली दुकाने आता एकच राहिलेली नाहीत.

पाच टेबले. भिंतीवर जुन्या मुंबईचे मोठे काळे-पांढरे फोटो, त्यांत ट्रामचाही एक. मुंबईची ट्राम १९६४ साली बंद झाली आणि हे दुकान फार तर परवा उघडलेले, पण पाहणाऱ्याला वाटावे की आजोबा-पणजोबांपासून इथेच डेग चढते आहे. टेबलावर दरपत्रक नव्हते. मोबाइलने टिपायची एक चौकट चिकटवलेली होती. ती टिपली तर पदार्थांचे फोटो उघडले, पण दर कुठेच नाहीत. भिंतीवर फलक आहे का म्हणून पाहिले. तोही नाही. वाढप्याला निहारीचा भाव विचारला तर तो म्हणाला, "अंकल, सब ताजा है." भाव विचारला होता आणि ताजेपणाची ग्वाही मिळाली. चाचा माझ्याकडे बघून हसले, पण भूक लागली होती आणि बसलेला माणूस सहसा उठत नाही. या असल्या दुकानांचे अर्धे गणित याच स्वभावावर उभे असते.

निहारी हा कष्टकऱ्याचा पदार्थ आहे. तिचे नावच पहाटेशी जोडलेले आहे. 'नहार' म्हणजे सकाळ. रात्रभर मंद आचेवर पिंढरीचे मांस आणि नळ्या शिजवायच्या, फजरनंतर वाढायला घ्यायचे, आणि ती खाऊन निघालेल्या माणसाने दुपारपर्यंत पोटाची चिंता करू नये, असा तिचा हिशोब. तिच्यात कणीक कालवून लावतात, ती रस्सा धरून राहावा म्हणून. आमच्यासमोर जे आले त्यात मात्र कणीकच धरून राहिली होती आणि मांस शोधावे लागत होते. उथळ, रुंद काठाच्या पांढऱ्या बशीत मांसाचे दोन तुकडे, वर तर्रीचा लाल थर आणि मध्ये ऐटीत उभी केलेली एक नळी. चाचांनी ती बशीवर आपटली, पुन्हा आपटली. आतून काही आले नाही. मगज आधीच काढून घेतलेला होता. पलीकडच्या टेबलावर 'मगज एक्स्ट्रा' म्हणून वाटी गेली तेव्हा तो कुठे गेला ते कळले. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असे आपण म्हणतो. इथे नाव नळीचे आणि हाती पोकळ हाड.

तंदुरी रोटी गार होती. फिरनी बरी होती, हेही सांगितले पाहिजे. मातीच्या वाटीत नीट जमलेली, साखर बेताची. ती करणाऱ्याला काम येत होते.

मग बिल आले. दोन निहारी ७६० रुपये. चार रोट्या १६०. पाण्याची बाटली ४०. बाटलीवर छापलेली किंमत २० होती. साध्या पाण्याचा जग मागितला होता, तेव्हा "फिल्टर खराब है" असे उत्तर मिळाले होते. दोन फिरनी २२०. बेरीज ११८०. त्यावर सेवा शुल्क दहा टक्के, ११८. त्या दोन्हींच्या बेरजेवर 'जीएसटी ५ टक्के' म्हणून ६४ रुपये ९० पैसे. एकूण १३६२ रुपये ९० पैसे, आणि खाली पेनाने गोल करून १३६५. दहा पैशांचा हिशोब ग्राहकाच्या बाजूने सोडून द्यायचा ही आपल्या पेठेची जुनी रीत. इथे तो दोन रुपये दहा पैशांनी वर चढवला होता.

चाचांनी चष्मा लावून ती चिठ्ठी वरपासून खालपर्यंत वाचली. दुकानाचे नाव होते, मोबाइल नंबर होता, 'फिर तशरीफ लाइए' होते. चाचा म्हणाले, "बेटा, हा कर कोणाच्या खात्यात जातो ते जरा विचार." मी गल्ल्यावर जाऊन विचारले. तिथे बसलेल्या तरुणाने मान वर न करता सांगितले की सगळीकडे घेतात. नोंदणी क्रमांक विचारला तर म्हणाला, अर्ज केला आहे, येईल. पैसे दिले आणि निघालो.

आता या चिठ्ठीतील एकेक रक्कम तपासू, कारण उद्या ती आपल्यापैकी कोणाच्याही हातात पडू शकते, आणि आपल्यापैकी काहींच्या गल्ल्यावरून ती फाडलीही जात असेल.

सर्वांत गंभीर रक्कम लहानशी आहे, त्या ६४ रुपये ९० पैशांची. जीएसटी कायद्यानुसार ज्याची नोंदणी नाही त्याला कर म्हणून एक पैसाही घेता येत नाही. नोंदणी असेल तर बिलावर पंधरा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो आणि महाराष्ट्रातील नोंदणी असेल तर तो २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला की दुकान कोणाच्या नावावर आहे आणि ते कोणत्या योजनेत आहे, हे कोणालाही पाहता येते. त्यासाठी खाते उघडावे लागत नाही. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या लहान खानावळींसाठी कंपोझिशन योजना आहे. या योजनेतील मालक उलाढालीवर पाच टक्के कर स्वतःच्या पदरचा भरतो आणि ग्राहकाकडून तो वेगळा घेऊ शकत नाही. आपण कंपोझिशनमध्ये आहोत आणि कर आकारण्यास पात्र नाही, असे त्याने बिलाच्या माथ्यावर लिहायचे असते, आणि दुकानाच्या फलकावरही योजनेचा उल्लेख करायचा असतो. नियमित नोंदणीच्या साध्या खानावळीला नोव्हेंबर २०१७ पासून पाच टक्के दर आहे, पण त्या बदल्यात खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. म्हणजे बिलावर २७ ने सुरू होणारा क्रमांक नसताना कर घेतला, तर तो कर नव्हे. कराच्या नावाने घेतलेले पैसे सरकारकडे भरलेच पाहिजेत, असेही कायदा सांगतो. ते भरले नाहीत तर तपासणीच्या दिवशी व्याजासह आणि दंडासह निघतात. त्या तरुणाला हे कोणी सांगितलेले नसेल, किंवा सांगितले असूनही सगळीकडे घेतात म्हणून त्याने सोडून दिले असेल. जाता जाता व्यापारी वाचकांसाठी: जेवणाच्या बिलावरच्या जीएसटीचे क्रेडिट आपल्याला मिळत नाही, तेव्हा ते धंद्याच्या खर्चात टाकून वजावट मागू नये.

दुसरी रक्कम सेवा शुल्काची. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. हॉटेल किंवा उपाहारगृहाने सेवा शुल्क बिलात आपोआप लावू नये, दुसऱ्या नावानेही घेऊ नये, आणि ते बिलात मिळवून त्या बेरजेवर जीएसटी तर लावूच नये, असे त्यांत आहे. हॉटेलांच्या संघटना न्यायालयात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्यांच्या याचिका फेटाळल्या आणि सूचना योग्य ठरवल्या. त्याविरुद्ध अपीलही झाले. पण मुद्दा असा की वाढप्याला खुशीने काही द्यायचे की नाही हे ग्राहकाने ठरवायचे असते. आमच्या बिलातील ११८ रुपयांपैकी त्या वाढप्याच्या हाती किती गेले असतील? मी बाहेर पडताना त्यालाच हळूच विचारले. तो नुसता हसला. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि तिथे तक्रार मराठीतही नोंदवता येते.

पाण्याच्या बाबतीत मात्र त्या मालकाची बाजू मांडली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये असे सांगितले की हॉटेलात बसवून पाणी देणे ही निव्वळ मालाची विक्री नव्हे, त्यामुळे तिथे छापील किमतीपेक्षा जास्त घेतले तरी वजनमापाच्या कायद्याखाली कारवाई होत नाही. म्हणजे ४० रुपयांबद्दल कायदा त्याच्या बाजूने आहे. पण साध्या पाण्याचा जग न देता बाटली घ्यायला लावणे, ही गोष्ट आपल्याकडच्या कोणत्या खानावळीत पूर्वी कोणी ऐकली होती? पाणपोया बांधणाऱ्यांच्या पेठा आहेत या.

आणखी एक उणीव त्या चिठ्ठीत होती. १ जानेवारी २०२२ पासून खाद्यपदार्थ विकणाऱ्याने बिलावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी क्रमांक छापणे बंधनकारक आहे. तो तिथे नव्हता. भिंतीवर परवान्याची प्रतही नव्हती. ट्रामच्या फोटोशेजारी जागा बरीच होती.

यावर मालक मंडळी काय म्हणतील ते मला ठाऊक आहे, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. जुन्या पागडीच्या जागेत बसलेल्या खानावळवाल्याचे भाडे नाममात्र असते. शेजारीच नव्याने लीव्ह अँड लायसन्सवर गाळा घेणारा बाजारभावाने भाडे भरतो. एकाच गल्लीत, एकाच डेगेचे दोन हिशोब. १९ किलोच्या व्यापारी सिलिंडरचा भाव महिन्याच्या पहिल्या तारखेला काय होईल, हे आदल्या दिवशी सांगता येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर नेण्याचा आदेश दिला, आणि मग पालिकेच्या नोटिसा तंदूरवाल्यांपर्यंतही पोहोचल्या. तंदूर बदलणे म्हणजे नुसती शेगडी बदलणे नव्हे. रोटीची चव, कारागिराचा हात आणि भांडवल, तिन्हींवर परिणाम होतो.

मांसाची गोष्ट तर आपल्या वाचकांना सांगायलाच नको. महाराष्ट्रातील १९९५ चे दुरुस्ती विधेयक राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर २०१५ मध्ये कायदा म्हणून लागू झाले आणि गायीबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हशी-रेड्यांवर ती बंदी नाही, पण सगळी मागणी एकाच जनावरावर येऊन पडली. स्वस्त निहारी, स्वस्त खिमा, स्वस्त कबाब हे सगळे मोठ्याच्या मांसावर उभे होते. कारखान्यातील कारागीर दुपारी कमी पैशांत पोटभर जेवत होता, तो त्यामुळेच. ज्याने नंतर बकऱ्याच्या मटणाची निहारी लावली त्याला जुना दर परवडणे शक्यच नाही. तेव्हा ३८० रुपयांची निहारी महाग आहे, एवढ्यावरून मी कोणाला दोष देणार नाही. ३८० लिहा, ४५० लिहा, पण लिहा. ज्याला परवडेल तो बसेल, ज्याला परवडणार नाही तो सलाम करून पुढे जाईल आणि मनात काही ठेवणार नाही.

याच मुंबईने 'कटिंग' हा शब्द दिला. पूर्ण चहा परवडत नाही, किंवा नको आहे, तर अर्धा घ्या आणि पैसेही कमी द्या. माप कमी केले, पण ते नावातच सांगून टाकले. कोणाला फसवल्यासारखे वाटले नाही आणि चहावाल्याचा गल्लाही भरला. निहारीवाल्यालाही हे करता आले असते. मगज वेगळा विकायचा असेल तर दोन ओळी लिहायच्या: साधी निहारी अमुक, नळीची निहारी तमुक. हाफ प्लेट ठेवायची. त्याऐवजी त्याने नाव पूर्ण ठेवले आणि माप कापले. आपण हा प्रकार कापडात ओळखतो, अत्तरात ओळखतो, सोन्या-चांदीत तर लगेच ओळखतो. मीटरमागे दोन बोटे कापड कमी मापणाऱ्याला पेठेत काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखे नाही. मग बशीतल्या मापाला वेगळा न्याय का?

त्या दुपारी आमच्याकडून जास्तीचे काय मिळाले त्याची बेरीज मी गाडीत बसून केली. सेवा शुल्क, बिनक्रमांकाचा कर, पाण्यावरचे वीस आणि गोल केलेले दोन रुपये, सगळे मिळून २०५ रुपये. आता दुसरी बाजू. चाचा महिन्यातून दोनदा मुंबईला येतात आणि बहुधा कोणीतरी सोबत असते. दोघांचे सरळ जेवण ७०० रुपये धरले तर वर्षाच्या चोवीस खेपांचे १६,८०० रुपये होतात. हा विक्रीचा आकडा आहे, नफ्याचा नव्हे. शंभरी पंधरा सुटतात असे धरा, तरी अडीच हजार झाले. शिवाय सोलापूरहून येणारे चादरवाले एकमेकांना विचारूनच जेवायला जातात. ही चौकशी फलाटावर होते, डब्यात होते, आणि चाचांच्या बोलण्याला त्यांच्यात वजन आहे. त्यांनी कोणाशी भांडण केले नाही, आवाज चढवला नाही, तक्रारही लिहिली नाही. पण आता ते घरून भाकरी आणि शेंगाचटणी बांधून आणतात आणि ओळखीच्या गोदामात बसून खातात. भांडणारा ग्राहक परत येऊ शकतो. असा मुकाट निघून गेलेला ग्राहक दुकानदाराला कळतसुद्धा नाही.

कोणी म्हणेल, त्या मालकाला चाचांची गरजच नाही. शनिवार-रविवारी फोटो काढत येणारे हौशी खवय्ये त्याला पुरेसे आहेत. ते येतात, खरे आहे. त्यांचे स्वागतच केले पाहिजे. त्यांच्यामुळे कितीतरी नवी दुकाने उभी राहिली. पण ते एकदा येतात आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गल्लीत जातात. सोमवार ते शुक्रवार दुपारी टेबल भरणारा माणूस म्हणजे माल भरायला आलेला व्यापारी, हमाल, टेम्पोवाला, आणि मदनपुरा-नागपाड्याच्या कारखान्यांत बॅगा शिवणारा किंवा जरीकाम करणारा कारागीर. बाजारातून त्यांना परवडणारी ताटे नाहीशी झाली की कारखानदारालाच त्यांच्या जेवणाची सोय करावी लागते आणि तो खर्च बॅगेच्या किमतीत चढतो. एका बशीतला मगज कुठवर जातो ते पाहा.

रमजानच्या दिवसांत हा प्रश्न आणखी मोठा होतो. मिनारा मशिदीजवळ किंवा पुण्यात कोंढव्याच्या कौसरबागेत संध्याकाळी जी गर्दी लोटते तिच्यात सर्व धर्मांचे लोक असतात. त्यांतील अनेकांची आपल्या मोहल्ल्याशी वर्षातली ती एकच भेट. त्या महिन्यापुरते उभे राहणारे स्टॉल पाहुण्याचा चेहरा पाहून भाव सांगतात, ही तक्रार नवी नाही. ज्या मोहल्ल्यांत दुकानदारांच्या कमिट्या आहेत त्यांनी जागा वाटतानाच अट घालावी की हातभर लांबीचा दरफलक लागल्याशिवाय शेगडी पेटणार नाही. फलकावर पदार्थ, दर आणि माप तिन्ही असावे: किती तुकडे, किती सीख, नळी भरलेली की नाही. नोंदणी असेल तर क्रमांक लिहावा. नसेल तर 'कर वेगळा नाही' एवढे तीन शब्द लिहावेत.

फलक फ्लेक्सवर छापून घेतला तरी चालेल, पण आपल्यात हाताने अक्षरे रंगवणारे पेंटर अजून आहेत आणि फ्लेक्स आल्यापासून त्यांना काम कमी आहे. पत्र्यावर रंगवलेला फलक वाफेने आणि तेलाने खराब होत नाही, आणि दर बदलला तर तेवढाच आकडा पुसून नवा काढता येतो. मात्र शाबान संपेपर्यंत थांबू नये. त्या दिवसांत सगळेच त्यांच्याकडे धावतात आणि मग चाँदरातीलाही फलक हाती पडत नाही.